बटाट्याचं आइस्क्रीम

१९६५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालपत्रात कुस्करलेल्या बटाट्याबद्दल लिहून ठेवलं आहे. खटला खरं तर दाढीच्या फेसाचा होता. कोलगेट-पामोलिव्ह कंपनीच्या ‘रॅपिड शेव्ह’ची जाहिरात टीव्हीवर यायची. त्यात पॉलिश पेपरला हा फेस लावायचे आणि लगेच वस्तऱ्याच्या एका फटक्यात त्यावरची वाळू साफ व्हायची. प्रत्यक्षात कॅमेऱ्यासमोर पॉलिश पेपर नव्हताच, प्लास्टिकच्या पारदर्शक तुकड्यावर वाळू पसरलेली होती. खरा पॉलिश पेपर असा साफ व्हायचा तर तो आधी सुमारे ८० मिनिटं भिजवावा लागला असता.

या खटल्यात एक बिनतोड वाटणारा मुद्दा पुढे आला. स्टुडिओच्या दिव्यांखाली आइस्क्रीम वितळतं, म्हणून जाहिरातीत त्याच्या जागी कुस्करलेला बटाटा ठेवतात. मग आता तेही बंद करायचं का?

न्यायालय म्हणालं, बटाटा चालेल, कारण तो तिथे काही सिद्ध करत नाही. पण तोच बटाटा दाखवून ‘बघा आमच्या आइस्क्रीमचा पोत, बघा रंग, तुमच्या डोळ्यांनीच खात्री करा’ असं सुचवलंत, तर ती पॉलिश पेपरसारखीच फसवणूक झाली. थोडक्यात, देखावा चालेल, पण पुरावा म्हणून जे दाखवाल ते खरं पाहिजे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फोनच्या कॅमेऱ्यातला सेन्सर रंग कसे ओळखतो, हे वाचत वाचत मी या निकालापर्यंत पोचलो. तोवर बटाटा मला एकदा भेटून गेला होता. जेवणाच्या फोटोंच्या इतिहासात तो दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा खाण्यासाठी नाही. तो तिथे कसा पोचला, हे सांगायचं तर सुरुवात फळांपासून करावी लागते.

न हलणारे पाहुणे

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्रज गृहस्थ कागदावर फोटो उमटवण्याच्या सुरुवातीच्या पद्धतीचा जनक. १८४४ ते १८४६ या काळात त्याने ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ नावाचं पुस्तक हप्त्याहप्त्याने काढलं. प्रत्येक प्रतीत खरे फोटो हाताने चिकटवलेले होते. एकूण २४ चित्रं. त्यातलं शेवटचं चित्र फळांचं आहे. चौकड्यांचं कापड अंथरलेलं टेबल, त्यावर दोन टोपल्या, आणि एका टोपलीत अननस.

फळंच का? एक कारण साधं आहे. तेव्हाच्या कॅमेऱ्याला फोटो उमटवायला बराच वेळ लागायचा. माणूस डोळे मिचकावतो, झाड वाऱ्याने हलतं. फळांना ‘हलू नका’ म्हणून सांगावं लागत नाही. चित्रकार शेकडो वर्षं फळांच्या परड्या रंगवत होते, तीच सवय इथेही कामाला आली. अननसाचं कारण वेगळं. इंग्लंडच्या थंडीत अननस पिकवायचा तर काचेचं घर बांधून ते तापवत ठेवावं लागे. ज्याच्या टेबलावर अननस, त्याच्या खिशात पैसा. म्हणजे इतक्या सुरुवातीच्या फोटोतसुद्धा पोटापेक्षा ऐपत जास्त दिसते. महागड्या हॉटेलातल्या ताटाचा फोटो स्टेटसला टाकणाऱ्या आपल्या पिढीने हे शोधून काढलेलं नाही.

पुढे रॉजर फेंटन आला. क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढून त्याने नाव कमावलं होतं. १८६० साली त्याने फळाफुलांची देखणी मालिका केली. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची होती. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. या रसायनाला निळा रंग चांगला कळायचा. लाल आणि पिवळा जवळजवळ कळायचेच नाहीत, ते गडद उमटायचे. पिकून लाल झालेलं फळ फोटोत काळपट यायचं.

आता आपलं ताट डोळ्यांसमोर आणा. हळदीचं वरण, तिखटाचा कट, गाजराची कोशिंबीर, केशरी जिलबी. त्या काचेवर हे सगळं करड्या-काळ्या रंगाच्या डागांसारखं उमटलं असतं. ताक आणि भात तेवढे उजळ दिसले असते. जेवणाचा फोटो बघून तोंडाला पाणी सुटायला हवं असेल, तर कॅमेऱ्याला आधी लाल आणि पिवळा रंग शिकवावा लागणार होता.

पहिला बटाटा

तो शिकवला लुमिएर बंधूंनी. हे नाव मुंबईला ओळखीचं आहे. ७ जुलै १८९६ या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात भारतातला पहिला चित्रपटांचा खेळ झाला, तो याच भावांच्या चित्रफितींचा. सिनेमात नाव कमावल्यावर ते रंगीत फोटोच्या मागे लागले आणि १९०७ साली त्यांनी ‘ऑटोक्रोम’ नावाच्या काचा बाजारात आणल्या.

या काचांची कृती एखाद्या पाककृतीसारखी आहे. बटाट्याचं सत्त्व, म्हणजे स्टार्च, घ्यायचं. त्याचे एका आकाराचे बारीक कण वेगळे करायचे. हे कण मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढे, आणि पारदर्शक. त्यांचे तीन वाटे करून एक नारिंगी-लाल, एक हिरवा आणि एक जांभळट-निळा रंगवायचा. तिन्ही एकत्र मिसळून काचेवर एकेरी थरात पसरायचे, मधल्या फटी काजळीने बुजवायच्या आणि वरून फोटोचं रसायन चढवायचं. उजेड आधी रंगीत कणातून जातो आणि मग रसायनावर पडतो. लाल कणाच्या मागे फक्त लाल उजेडाची नोंद होते, हिरव्याच्या मागे हिरव्याची. तयार काच उजेडासमोर धरली, की लाखो ठिपके डोळ्यांत एकत्र होतात आणि सफरचंद लाल दिसतं.

बाजारात विकली गेलेली आणि लोकांनी खरोखर वापरलेली ही पहिली रंगीत पद्धत. तिच्यातून कुणी पिकलेल्या फळाचा फोटो पाहिला, तर तो अक्षरशः बटाट्यातून पाहिला.

इथे माझ्यातल्या इंजिनिअरचे कान टवकारले. कारण तुमच्या फोनमधला सेन्सर हेच करतो. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूला फक्त उजेड किती, एवढंच कळतं, रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी बारीक काच बसवलेली असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या ब्राइस बेयर यांनी ही मांडणी सुचवली, तिचं पेटंट १९७६ साली मिळालं, आणि आजही बहुतेक फोनमध्ये तीच किंवा तिची सुधारलेली आवृत्ती असते. ऑटोक्रोममध्ये कण वेडेवाकडे विखुरलेले होते, बेयरने ते ओळीत बसवले. मूळ कल्पना एकच.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. लाल काचेमागच्या बिंदूने फक्त लाल मोजलेला असतो. त्याचा हिरवा आणि निळा किती, हे शेजारच्या बिंदूंवरून सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणजे फोटोतल्या रंगांच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांश आकडे अंदाजाचे असतात. त्यानंतर फोन आणखी एक अंदाज बांधतो, की या खोलीतला पांढरा रंग कोणता. खिडकीचा उजेड निळसर, घरातला दिवा अनेकदा पिवळसर. दोन्ही एकदम असले, की फोन एकाची बाजू घेतो आणि दुसऱ्या बाजूचा भात निळा किंवा पिवळा पडतो.

तेव्हा ‘माझा फोटो शंभर टक्के खरा, फिल्टर लावलेला नाही’ असं कुणी म्हटलं, तर मला गंमत वाटते. अंदाज केल्याशिवाय रंगीत फोटो निघतच नाही. प्रश्न आहे तो अंदाज कोणत्या दिशेने झुकवायचा याचा.

दिवे तापले

१९३० आणि ४०च्या दशकांत अमेरिकी मासिकांना रंगीत जेवणाची चटक लागली. त्या काळातलं ठळक नाव निकोलस मरे. हंगेरीत जन्मलेला, ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळलेला हा माणूस आज फ्रिडा काहलोच्या रंगीत फोटोंसाठी आठवला जातो. पण ‘मॅक्कॉल्स’ मासिकाच्या स्वयंपाकाच्या पानांसाठी त्याने गच्च भरलेल्या टेबलांचे फोटोही काढले. त्याची पद्धत ‘कार्ब्रो’. एकाच दृश्याची लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन निगेटिव्ह करायची आणि त्यांवरून रंगद्रव्याचे तीन थर कागदावर एकावर एक अचूक बसवायचे. थर केसभर सरकला तरी सगळं मुसळ केरात.

अशा कामाला भरपूर उजेड लागायचा, आणि तेव्हाचे दिवे भट्टीसारखे तापायचे. कोशिंबिरीची पानं माना टाकायची, लोणी वितळायचं, सॉसवर साय धरायची. गरम पदार्थ गार होतो आणि गार पदार्थ गरम होतो, दोन्हीकडून नुकसान. खाण्याच्या पदार्थाचं एक वय असतं. पोळी तव्यावरून उतरल्यावर फुगलेली राहते ती काही क्षण. स्टुडिओला तास लागायचे. या दोन घड्याळांचा मेळ बसेना, तिथे बटाटा दुसऱ्यांदा आला आणि आइस्क्रीम होऊन बसला.

त्याच्या मागोमाग बाकीचेही आले. पाकाच्या जागी मोटारीचं ऑइल, दुधाच्या जागी पांढरा गोंद, गार बाटलीवरच्या थेंबांच्या जागी ग्लिसरीन, केकवरच्या क्रीमच्या जागी दाढीचा फेस. (दाढीचा फेस आपली पाठ काही सोडत नाही.) या युक्त्या लबाडीतूनच जन्मल्या असं मला वाटत नाही. समोरचा पदार्थ टिकत नव्हता आणि काम पुरं करायचं होतं.

त्याच काळात याच्या उलट टोकाला एक माणूस होता. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड वेस्टनने १९३० साली ढोबळी मिरचीचे फोटो काढले. त्यातली तिसाव्या क्रमांकाची मिरची जगप्रसिद्ध आहे. त्याने ती पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली होती, म्हणजे उजेड आतून परतून तिच्या वळणांवर पडावा. कुठलंही लेपन नाही, बदली कलाकार नाही. फोटो काढून झाले, की वेस्टन आपल्या मॉडेल मिरच्या खाऊन टाकायचा. फोटोनंतर पदार्थ खाता येतो का, ही माझ्या मते सोपी आणि चांगली कसोटी आहे.

गोट्या

आता एक अवघड प्रकरण. कॅम्पबेल ही अमेरिकेतली डबाबंद सूपवाली मोठी कंपनी. तिच्या भाज्यांच्या सूपचा फोटो काढताना अडचण यायची. वाडगं भरलं की भाज्या तळाशी बसतात आणि कॅमेऱ्याला वर फक्त पाणी दिसतं. म्हणून जाहिरातीच्या शूटिंगमध्ये वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या. भाज्या वर आल्या, वाडगं गच्च भरलेलं दिसू लागलं.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर बोट ठेवलं. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणात उडी घेतली. त्यांनी आपल्या गटाचं नाव असं बेतलं, की त्याची आद्याक्षरं ‘सूप’ अशी व्हावीत. कंपनीने पुढच्या जाहिरातींमध्ये जुनी फसवणूक जाहीर सांगावी, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. १९७० साली कंपनीने असं पुन्हा न करण्याचं कबूल केलं आणि प्रकरण मिटलं.

हे प्रकरण मला बटाट्यापेक्षा जास्त छळतं. इथे सूप खरं होतं, भाज्या खऱ्या होत्या, कशाच्याही जागी दुसरं काही ठेवलेलं नव्हतं. खोटं होतं ते प्रमाण. आणि गिऱ्हाईक फोटोत नेमकं तेच बघतं, की मला किती मिळणार? न्यायालयाच्या भाषेत सांगायचं, तर त्या गोट्या देखाव्यातून पुराव्यात गेल्या. आपल्याकडच्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत वस्तूचं स्वरूप आणि दर्जा यांच्या जोडीला प्रमाणाचा उल्लेख आहे.

२०१२ मध्ये मॅकडॉनल्ड्सच्या कॅनडातल्या शाखेने एक धीट व्हिडिओ काढला. एका ग्राहकाने विचारलं होतं, तुमचा बर्गर जाहिरातीत दिसतो तसा दुकानात का नसतो? कंपनीच्या मार्केटिंगप्रमुख बाई स्वतः दुकानातून बर्गर घेऊन स्टुडिओत गेल्या. दुकानातला बर्गर मिनिटभरात तयार झालेला, स्टुडिओतल्याला काही तास. जिन्नस तेच, पण कांदा, काकडी, सॉस सगळं कॅमेऱ्याच्या बाजूच्या कडेला आणून बसवलेलं, सॉस तर सिरिंजने. दुकानातला पाव खोक्यातल्या वाफेने आक्रसतो, हेही त्यांनी सांगितलं. कडेला आणून ठेवणं म्हणजे गोट्या का? माझं मत, नाही. आत काय आहे ते त्यातून कळतं, आणि जितकं आहे तितकंच दिसतं. पण रेषा बारीक आहे, हे खरं.

पळी

ही रेषा मला नीट समजली ती माझ्या आत्याच्या ओट्यापाशी. ती पुण्यात डबे देते. पोळ्या, एक भाजी किंवा उसळ, वरण-भात, कोशिंबीर. पूर्वी तिचे डबे एकमेकांच्या सांगण्यावरून जायचे. आता नवीन पोरं आधी व्हॉट्सॲपवर ‘फोटो पाठवा ना’ म्हणतात, आणि ज्यांचे फोटो चकचकीत त्यांच्याकडे जातात. तिचं जेवण रंगाला तपकिरी आहे. काळ्या मसाल्याची उसळ, पिठलं, भरली वांगी. टॅल्बटच्या अननसाची कळा त्याला नाही. तरी फोटोवरच गिऱ्हाईक ठरत असेल, तर फोटो हा तिच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

मी सकाळी साडेआठला, डबे भरायच्या वेळी, गेलो. ट्यूबलाइट बंद केली, म्हणजे फोनला एकाच उजेडाचा अंदाज बांधायचा राहिला. डबा खिडकीशी असा ठेवला, की उजेड पदार्थाच्या मागून, जरा बाजूने यावा. तपकिरी पदार्थाला रंग वाचवत नाही, चमक वाचवते. मागून आलेला उजेड तेलाच्या तवंगावरून घसरून लेन्सकडे येतो, म्हणून उसळ ओलसर आणि जिवंत दिसते. वाफही अशाच उजेडात, मागे काळोख असला तर दिसते. समोरून फ्लॅश मारला, की दोन्ही जातं आणि उसळीचा चिखल होतो. समोरची सावली उजळायला वहीचा पांढरा पुठ्ठा धरला. डब्याचं स्टील मात्र आवरेना. त्यात खिडकी, पुठ्ठा आणि मी, सगळेच दिसत होतो.

एवढं करूनही मटकी रश्शाखाली बसलेली. मी आत्याला कॅम्पबेलच्या गोट्यांची गोष्ट सांगितली. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “मग उद्या डबा उघडून कुणी विचारलं, मावशी, फोटोतली मटकी कुठाय, तर काय सांगू? गोट्या काढून घेतल्या?”

“मग काय करू? दिसतच नाही ती.”

“अरे, पळी खाली घाल, तळापासून वर आण. वाढताना आपण तेच करतो ना?”

ती भरलेली पळी, तिच्यातून ओघळणारा रस्सा आणि खाली उघडा डबा, हाच फोटो आता तिच्या व्हॉट्सॲपवर आहे. फोटोत दिसते तेवढी मटकी एका पळीत येते, आणि डब्यात किती पळ्या पडतात ते खाली लिहिलेलं आहे. फोटो काढल्यावर ती पळी डब्यातच रिकामी झाली आणि डबा कुणाच्या तरी ऑफिसात गेला.

टॅल्बटचा वेळ, फेंटनच्या काचेचा रंगआंधळेपणा, मरेचे तापलेले दिवे या खऱ्या अडचणी होत्या. तुमच्या खिशातल्या फोनला त्यातली एकही नाही. खिडकीपाशी तो सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो काढतो, लाल आणि पिवळा त्याला कळतो, दिवे लागत नाहीत. आता तर कधीच न शिजलेल्या पदार्थाचा फोटो चार शब्द टाइप करून बनवता येतो, बटाटासुद्धा उकडावा लागत नाही. अडचण उरलेली नसताना आपण गोट्या टाकल्या, तर ती निव्वळ आपली निवड असेल.

मित्रांना दाखवायला म्हणून तुम्ही ताट हवं तसं सजवा, रंग हवे तेवढे चढवा. तो देखावा आहे. पण त्या फोटोखाली किंमत लिहिली, की समोरचा तो पुरावा म्हणून बघतो. फोटोतलंच आपल्या पुढ्यात येणार, असं धरून तो पैसे मोजतो.

आणि आइस्क्रीमचं म्हणाल, तर ते वितळायला अजूनही काही मिनिटं लागतात. तेवढ्यात फोटो काढूनही होतो आणि खाऊनही.